इंजिनवर तेल-कूलंट सांडलंय, पुसूनही वास परत येतो: आधी काय बघायचं आणि मग साफ कसं करायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. ऑईल बदलून आठवडा झालेला असतो. गाडी गावात बरी चालते, पण गोव्याहून येताना चोर्ला घाट लागला किंवा अनमोडची चढण सुरू झाली की जळका वास येतो. बोनेटच्या फटीतून बारीक निळसर धूर निघतो. मालक घाबरतो, दुसऱ्या दिवशी गाडी वॉशिंगला नेतो आणि फवाऱ्यानं इंजिन चकाचक धुऊन घेतो. दोन दिवस वास बंद. मग वास परत येतो, वर इंजिन मिसिंग मारायला लागतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटतो. त्यानंतर फोन येतो: "मेस्त्री, कुठनं तरी तेल गळायलंय, बघा की जरा."

यात दोन दुखणी एकमेकांत मिसळलेली असतात. एक मूळचं, आणि एक धुण्यानं ओढवून घेतलेलं. पैसे बहुतेक दुसऱ्यावरच जास्त खर्च होतात, आणि ते पूर्ण टाळता येण्यासारखं आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सांडलंय की गळतंय?

हे ठरल्याशिवाय फडकं हातात घेऊ नका. पुसलं की खूण जाते, आणि मग मेस्त्रीला अंधारात चाचपडावं लागतं. आधी मोबाईलवर चार-पाच फोटो काढून ठेवा: वरून, बाजूनं आणि गाडीखालून.

सांडलेलं तेल एकदाच जळतं. नरसाळं न लावता डबा उलटा केला की थोडं तेल टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणावर, पडतं आणि तिथून ओघळून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा जळका वायू सायलेन्सरकडं नेणाऱ्या पाइपावर, जातं. काही गाड्यांत ऑईल फिल्टर मॅनिफोल्डच्या शेजारीच असतो, तिथं फिल्टर काढतानाच त्यातलं उरलेलं तेल सांडतं. इंजिन ऑईल साधारण २०० अंश सेल्सियसच्या पुढं गेलं की त्याची वाफ पेट घेऊ शकते. लांब चढणीवर, दुसऱ्या गिअरमध्ये, भरलेल्या गाडीचा मॅनिफोल्ड ५०० अंशांच्याही पुढं जाऊ शकतो. म्हणून बेळगावात टिळकवाडीत फिरताना काही कळत नाही आणि चोर्ला घाटात कणकुंबीच्या अलीकडं नाक झोंबायला लागतं. असं सांडलेलं तेल एक-दोन लांब फेऱ्यांत जळून संपतं. वास दर फेरीला कमी होत गेला तर ते सांडलेलं होतं असं समजा. तेवढाच राहिला किंवा वाढला, तर कुठून तरी नवीन तेल येतंय.

इथं एक जागा हमखास फसवते. हल्लीच्या गाड्यांना इंजिनखाली प्लॅस्टिकचा किंवा फेल्टचा ट्रे असतो. ऑईल बदलताना त्यावर कपभर तेल साचून राहिलं, तर ते पुढं कित्येक दिवस ठिपकत राहतं. मालकाला वाटतं ऑईल सील गेलं. सील काढायच्या आधी ट्रे काढून धुवा. उसाच्या हंगामात तर तो काढाच. संकेश्वर, चिकोडी, निपाणीकडच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांतून पडलेलं पाचट वाऱ्यानं गाडीखाली ओढलं जातं आणि त्या तेलकट ट्रेवर चिकटून वाळतं. वाळलेलं पाचट, तेल आणि वर तापलेला सायलेन्सर एकत्र आले की आगीला आणखी काही लागत नाही. उंदरांनी बोनेटखाली आणून ठेवलेल्या चिंध्या-काड्यांचंही तेच.

खरंच गळत असेल तर तेल जिथं दिसतं तिथून ते आलेलं नसतं. पंख्याचा आणि चालत्या गाडीचा वारा तेल खाली आणि मागं ढकलतो. खाली सगळं ओलं असलं तरी शोधायचा असतो तो सगळ्यात वरचा ओला ठिपका. आमच्या भागात खानापूरकडची तांबडी धूळ याबाबतीत मदत करते. जिथून तेल येतं ती जागा ओली-काळी चमकते, आणि त्याच्याखाली ओघळावर धूळ बसून तांबूस-काळा थर धरलेला असतो. थर जितका जाड, तितकी गळती जुनी.

तरीही कळत नसेल तर जागा साफ करून पूर्ण वाळवा आणि संशयाच्या भागावर टाल्कम पावडर हलकी भुरभुरा. बेल्ट आणि पुलीपासून ती लांब ठेवा. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून बंद करा आणि टॉर्चच्या उजेडात बघा. पांढऱ्या पावडरीवर जी पहिली काळी रेघ उमटते, ती गळतीची जागा. रात्री गाडीखाली मोठा पांढरा पुठ्ठा टाकून ठेवला तर सकाळी ठिपक्याची जागा आणि रंग दोन्ही मिळतात.

ऑईलच्या बाबतीत पुन्हापुन्हा निघणारी कारणं अशी. ऑईल भरायच्या झाकणाची रबरी रिंग कडक होते आणि झाकण घट्ट बसूनही तेल बाहेर पडतं. ही वस्तू स्वस्त आहे, पहिल्यांदा तीच बदला. इंजिनखालच्या ऑईल चेंबरच्या ड्रेन बोल्टचा वायसर प्रत्येक वेळी नवा टाकायचा असतो, तो जुनाच चढवला जातो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग वाळतं. मग काही जण पॅकिंग न बदलता बोल्ट आणखी आवळतात, त्यानं कव्हर वाकतं आणि गळती वाढते. ऑईल जास्त भरलेलं असतं, डीपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढं. ब्रीदरची नळी तुंबलेली असते, मग इंजिनमधला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि एकामागून एक सील गळायला लागतात. नवं सील टाकूनही गळती परत आली तर सीलच्या कंपनीला दोष देण्याआधी ब्रीदर तपासा.

आणि एक कारण असं की ते दिसलं तर गाडी सुरूच करू नका. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावरच चढवला जातो. दोन रिंगा एकावर एक बसल्या की थोडा वेळ काही होत नाही, मग दाबानं एक सटकते आणि तेल धारेनं बाहेर येतं. ऑईल बदलल्यानंतर लगेच फिल्टरभोवती ताजं तेल दिसलं तर इंजिन बंद ठेवून आधी एवढं बघून घ्या. ऑईलचा लाल दिवा पेटला असेल तर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असं म्हणू नका, जागेवर बंद करा.

फवाऱ्यानं का धुऊ नये

बेळगावात हे समजवायला सोपं जायला हवं. उद्यमबागेत ज्यांनी फौंड्रीत काम केलंय त्यांना विचारा, लालबुंद सोडा, नुसत्या चटका बसेल एवढ्या तापलेल्या कास्टिंगवर गार पाणी पडलं की काय होतं. बीडाचा मॅनिफोल्ड हे कास्टिंगच आहे. गाडी चालवत आणून, बोनेट उघडून, तसाच गार पाण्याचा झोत मारला तर त्याला तडा जाऊ शकतो. तडा लगेच दिसत नाही. महिन्याभरानं गाडी सुरू करताना टकटक आवाज येतो, आणि कुणाला धुणं आठवत नाही.

पाण्याचं दुसरं काम वायरिंगमध्ये. वायरी जोडणाऱ्या कपलरांना रबरी सील असतात, ते पावसाचं शिंतोड्याचं पाणी अडवण्यासाठी. जवळून मारलेला झोत सील वाकवून आत जातो आणि मग आतलं पाणी तेच सील बाहेर पडू देत नाही. पितळी पिना हिरव्या पडायला लागतात. डायनामोत पाणी आणि घाण शिरते. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग खोल खड्ड्यात बसलेले असतात, त्या खड्ड्यात पाणी साचलं की प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलचा करंट तिथंच उतरतो आणि इंजिन तीन सिलिंडरवर थडथडतं. सुरुवातीला सांगितलेला पिवळा दिवा तो हाच.

तसं झालंच असेल तर घाबरू नका, पण गाडी रेटूही नका. पिवळा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय, आणि तो भाग फार महाग आहे. इंजिन बंद करा, गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॉइल वर ओढून काढा, पण प्लग काढू नका, नाहीतर पाणी सिलिंडरमध्ये उतरेल. खड्डे कापडानं टिपून हलकी हवा मारा, कपलर उघडून वाळवा, बोनेट उघडं ठेवून गाडी अर्धा दिवस उन्हात लावा. खड्ड्यात पाण्याऐवजी तेल सापडलं तर ते टॅपेट कव्हरच्या आतल्या सीलचं दुखणं आहे, ते पुसून जाणार नाही.

पेट्रोलनं पुसू नका

हे आमच्याच धंद्यातल्या लोकांना जास्त सांगावं लागतं. डबडीत पेट्रोल घ्यायचं, ब्रश बुडवायचा आणि पार्ट धुवायचे, ही सवय सगळीकडं आहे. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते, ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि चार पावलांवरच्या बटणाच्या ठिणगीलाही पेटते. बोनेटखाली तर बॅटरी आहे, गरम मॅनिफोल्ड आहे. रॉकेल आणि डिझेल त्या मानानं सावकाश पेटतात, पण गरम धातूवर तेही धोक्याचेच. शिवाय त्यानं होज पाइप आणि बुशांचं रबर फुगतं, मऊ पडतं.

पावसाळ्यापूर्वी गाडीखाली आणि इंजिनवर डिझेल किंवा जळकं ऑईल फवारून घ्यायची पद्धत खानापूर, जांबोटी भागात अजून आहे. तिथला पाऊस बघता गंज लागेल ही भीती खरी आहे, ती मी हलकी लेखत नाही. पण फवारलेलं तेल रबर खातं, धूळ धरून ठेवतं, ब्रेकच्या डिस्कवर उडालं तर ब्रेक लागत नाही, आणि गळती शोधायची वाटच बंद करतं, कारण सगळंच तेलकट असतं. गंजासाठी चॅसीवर अंडरबॉडी कोटिंग करून घ्या, इंजिनला कोरडं ठेवा.

ब्रेक क्लीनरचा कॅन वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. काही कॅनमध्ये क्लोरीनयुक्त रसायन असतं. ते तापलेल्या मॅनिफोल्डवर मारलं, किंवा मारलेल्या जागी ओलं असतानाच वेल्डिंग केलं, तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. सायलेन्सर वेल्डिंगला देणार असाल तर आदल्या दिवशी काय मारलंय ते वेल्डरला सांगा.

कॉस्टिक सोडाही नको. ॲल्युमिनियमचं हेड आणि कव्हर त्यानं काळं पडतं, खाल्लं जातं.

काय सांडलंय त्याप्रमाणे

इंजिन ऑईल: ताजं मधासारखं, वापरलेलं काळं, बोटांना बुळबुळीत. पाण्यानं निघत नाही, पाण्यात मिसळणारं डिग्रीजर लागतं. ते कसं वापरायचं ते पुढं सांगतो.

कूलंट: हिरवं, निळं, लाल किंवा गुलाबी. नुसत्या रंगावरून जात ओळखू नका, कंपनीगणिक रंग बदलतो. वास गोडसर. वाळलं की सांध्यावर पांढरट किंवा रंगीत खपली धरते, आणि बहुतेक वेळा गळतीची खूण तीच असते: होजची क्लिप, वॉटर पंपाच्या अंगावरचं बारीक भोक, टाकीचं झाकण. साफ करायला साधं पाणी आणि ओलं फडकं पुरतं, पण वाळायच्या आत. बेल्टवर गेलं तर बेल्ट ओरडतो. कूलंट पाण्यासारखं दिसतं म्हणून ते जळत नाही असं समजू नका. तापलेल्या मॅनिफोल्डवर त्यातलं पाणी उडून जातं आणि उरलेलं ग्लायकॉल पेट घेऊ शकतं.

यातली माझ्या दृष्टीनं सगळ्यात गंभीर गोष्ट वेगळीच आहे. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी. थोड्या प्रमाणातही ते मूत्रपिंडं निकामी करतं. अंगणात गाडी लावतो, तिथं कुत्रं-मांजर असतं, कोंबड्या असतात, रांगणारं पोर असतं. खाली साचलेला हिरवा डबका "वाळेल की" म्हणून सोडू नका. त्यावर भुसा किंवा कोरडी माती टाकून गोळा करा आणि जागा भरपूर पाण्यानं धुवा. उरलेलं कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका. कुणाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा आणि काय प्यालंय ते सांगा, सुरुवातीला माणूस नुसता दारू प्यायल्यासारखा वाटतो.

गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे प्रत्येकाला माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी हात भाजून घेतं. आत पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर असतं, झाकण सैल झालं की ते उकळून उसळतं. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज दाबून बघा. कडक लागला तर अजून थांबा. आणि कूलंट वरचेवर सांडतंय म्हणून बोअरचं पाणी भरत राहू नका, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात.

ब्रेक ऑईल: फिकट पिवळं, पातळ. नाव ऑईल असलं तरी नेहमीच्या गाड्यांतलं डॉट ३ आणि डॉट ४ हे तेल नसून ग्लायकॉलच्या जातीचं आहे आणि पाण्यात विरघळतं. रंगावर पडलं तर काही मिनिटांत रंग फुगवून सोलून काढतं. इथं फडक्यानं चोळायची पहिली ऊर्मी आवरा, चोळलं तर मऊ झालेला रंग फडक्याबरोबर येतो. टाकीचं झाकण घट्ट आहे याची खात्री करून त्या जागेवर मग्यानं भरपूर पाणी ओता, मग साबणाचं पाणी, मग पुन्हा पाणी. टाकीत पाण्याचा थेंबही जाता कामा नये. आत पाणी गेलं की ब्रेक ऑईल लवकर उकळतं. कोऱ्या डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश, ओलावा शोषलेल्याचा १४०. घाट उतरताना पेडल मऊ पडून खाली जातं ते यामुळं.

ब्रेक ऑईल पुन्हापुन्हा सांडण्याचं एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही. पॅड झिजले की टाकीतली पातळी आपोआप खाली येते, गळती नसतानाही. मालक किंवा पंपावरचा पोऱ्या ती वरच्या खुणेपर्यंत भरतो. पुढं नवे पॅड टाकताना पिस्टन मागं ढकलला की तेवढं ऑईल टाकीत परत येतं आणि टाकी ओसंडून खालच्या पत्र्यावर, वायरिंगवर वाहते. म्हणून पातळी उतरलेली दिसली की आधी पॅड बघा. पॅड बदलताना टाकीतलं थोडं ऑईल सिरिंजनं काढून घ्या, आणि ते परत वापरू नका. पॅड चांगले असूनही पातळी उतरत असेल तर ती खरी गळती आहे, तेव्हा गाडी चालवू नका.

पॉवर स्टिअरिंगचं आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑईल: बहुधा लाल, इंजिन ऑईलपेक्षा पातळ. हेही पेटतं. साफ करायची रीत इंजिन ऑईलचीच.

बॅटरीचं ॲसिड: टर्मिनलवर पांढरी-निळसर भुकटी, ट्रेला गंज. डिस्टिल्ड वॉटर काठोकाठ भरलं की चार्जिंगच्या बुडबुड्यांनी ॲसिड वर येऊन सांडतं, दर वेळी भरलं की दर वेळी सांडतं. हातमोजे आणि चष्मा घाला, अंगठी-घड्याळ काढा. आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह, लावताना उलट. स्वयंपाकघरातला खायचा सोडा ग्लासभर पाण्यात दोन चमचे घालून थोडा थोडा ओता. फसफसतंय तोवर ॲसिड शिल्लक आहे. बॅटरीची बुचं बंद असू द्या, सोडा आत गेला तर सेल खराब होतो. मग साध्या पाण्यानं धुऊन, वाळवून टर्मिनलला व्हॅसलीन लावा. तिथं विडी-सिगारेट नको, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. डोळ्यात थेंब गेला तर पंधरा-वीस मिनिटं धार धरून पाण्यानं धुवत राहा आणि मग डॉक्टरकडं जा.

डिझेल किंवा पेट्रोल: वासावरून कळतं. हे साफ करण्याचा प्रश्नच नाही. पेट्रोल गळतंय असं वाटलं की चावी काढा, माणसं लांब करा, सेल्फ मारू नका, मेस्त्रीला गाडीजवळ बोलवा. डिझेलची ओली रेघ इंजेक्टर किंवा फिल्टरच्या सांध्यावर दिसली तर चालू इंजिनवर बोट लावून तपासू नका. कॉमन रेल डिझेल गाडीत दाब इतका असतो की बारीक धार कातडीतून आत घुसते. अशी जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीनं शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

एसीचं पाणी मात्र निर्धास्त सोडून द्या. डाव्या सीटच्या खालून टपकणारं स्वच्छ, वास नसलेलं पाणी ही गळती नाही.

आता साफ करायची रीत

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चावी खिशात. काही गाड्यांचा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो, म्हणून चावी लांब हवी. पदर, ओढणी, लोंबता टॉवेल जवळ नको. इंजिन इतकं गार हवं की टॅपेट कव्हरवर तळहात आरामात ठेवता येईल. आत्ताच घाट चढून आला असाल तर दोन तास तरी द्या, चहा प्यायला जा. हायब्रिड गाडीतल्या केशरी जाड वायरींना हात लावू नका, तिथलं काम सर्व्हिस सेंटरवरच होऊ द्या.

पहिली पायरी कोरडी. कॉटन वेस्ट किंवा जुन्या सुती कपड्यानं तेल टिपून घ्या. चोळू नका, पसरतं. कोपऱ्यात काडीला चिंधी गुंडाळून घाला. निम्म्याहून जास्त काम इथंच होतं, आणि ताजं सांडलेलं असेल तर इथंच थांबलं तरी चालतं. कोरड्या फडक्यानं चांगलं टिपलेल्या मॅनिफोल्डवर उरलेला पातळ थर एका फेरीत उडून जातो.

जुना थर असेल तर डायनामो, फ्यूज बॉक्स, कॉइल, ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) पेटी आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकून रबर लावा. पाण्यात मिसळणारं डिग्रीजर डब्यावर लिहिल्याप्रमाणे पातळ करा. खालून वर लावत या, वरून खाली लावलं तर ओघळांचे पट्टे राहतात. पाच-दहा मिनिटं थांबा, वाळू देऊ नका. उन्हात करत असाल तर थोड्या थोड्या भागावरच काम करा. नायलॉनच्या ब्रशनं घासा. तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर आणि वायरिंगवर नको. जुना टूथब्रश बोल्टच्या डोक्याभोवती फार चांगला चालतो. मग स्पंजानं किंवा मग्यानं थोडं थोडं पाणी घेऊन धुवा. पाइप वापरलाच तर तोंडाला बोट न लावता, नुसती वाहती धार.

वाळवताना घाई करू नका. कोरड्या कापडानं टिपा, कॉम्प्रेसर असेल तर लांबून हवा मारा, डोळ्याला चष्मा असू द्या. पिशव्या मोजून काढा. एखादी पंख्यात किंवा एअर फिल्टरच्या तोंडाशी राहिली तर पुढचं काम फार वाढतं. मग बोनेट उघडं ठेवून दहा मिनिटं इंजिन चालवा.

दोन गोष्टी धुऊन सुधारत नाहीत. एक, तेल प्यालेला बेल्ट. त्याला साबण, पावडर, बेल्टचा स्प्रे लावून आवाज तेवढ्यापुरता बंद होतो, पण रबर आतून सुटलेलं असतं. बदला. टायमिंग बेल्टला तेल लागलं असेल तर एक दिवसही थांबू नका, तो तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. दुसरी, मॅनिफोल्ड-सायलेन्सरभोवतीची फायबरची गादी. ती तेल शोषून घेते, वरून पुसली तरी आत ओलीच राहते, आणि तेलानं भिजलेली अशी गादी नुसत्या तेलापेक्षा कमी तापमानाला आतून धुमसू लागते. सगळं पुसूनही वास जात नाही तेव्हा ही गादी नक्की चाचपून बघा. पत्र्याच्या उष्णतारोधक कव्हरच्या मागंही बघा, तेल तिथं लपून बसतं.

इंजिन चमकवायचा स्प्रे मारू नका असं मी सांगेन. तो तेलकट असतो, धूळ धरतो, बेल्टवर उडतो. जुनी गाडी बघायला गेलात आणि इंजिन आरशासारखं चमकत असेल तर ती विकत घेण्याआधी घाट चढवून आणा आणि मग बोनेट उघडा.

धूर वाढला तर

गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला लांब न्या. बोनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. लहान आग असेल तर बोनेटच्या फटीतून पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर मारा. तेलाच्या आगीवर पाणी ओतू नका, जळतं तेल पाण्याबरोबर पसरतं. आटोक्यात येत नसेल तर गाडी सोडा आणि ११२ ला फोन करा. घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून एक किलोचा तरी एबीसी पावडरचा सिलिंडर गाडीत, सीटखाली हाताला येईल असा ठेवा, डिकीत सामानाखाली नको.

उरलेली चिंधी, तेल आणि पाणी

काळं ऑईल हातावर तासन् तास राहू देऊ नका, वर्षानुवर्षं तसं केलं तर कातडीला कॅन्सरचा धोका असतो. गॅरेजमधल्या पोरांना मोजे द्या, हात पेट्रोलनं नव्हे तर साबणानं धुवायला लावा. वापरलेलं ऑईल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं. ते गटारात, विहिरीजवळ किंवा शेताच्या बांधावर ओतू नका, आणि चूल पेटवायलाही देऊ नका. झाकणाच्या डब्यात भरून ऑईल बदलणाऱ्या गॅरेजवर नेऊन द्या, तिथं ड्रम असतो आणि तो नेणारे ठरलेले असतात. त्यात कूलंट किंवा ब्रेक ऑईल मिसळू नका, मिसळलेलं कुणी घेत नाही. जमिनीवरच्या डागावर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून वेगळ्या पिशवीत भरा. तेलकट चिंध्या बंद डब्यात, घरापासून आणि गवताच्या गंजीपासून लांब ठेवा.

आणि गॅरेजवर याल तेव्हा फोटो, पुठ्ठा आणि एवढी माहिती घेऊन या: वास कधी येतो, चढणीवर की थांबल्यावर; ऑईल कधी बदललं, किती भरलं; पातळी किती किलोमीटरला किती उतरते; आणि इंजिन धुतलं असेल तर कधी आणि कशानं.